एका सुईत दोन पाय, मग दोन हात का नाहीत?

सिझेरियन झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. पाठीत एक सुई टोचली, पाच-दहा मिनिटांत पाय जड झाले, पोट उघडलं तरी दुखलं नाही आणि बाळाचं पहिलं रडणं तिनं जागेपणी ऐकलं. हर्निया, मूळव्याध, गुडघ्याचं ऑपरेशन अशी कितीतरी कामं याच एका सुईवर होतात. त्यात औषध असतं जेमतेम दोन-तीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा.

आता हे पाहा. पावसात दुचाकी घसरते, माणूस पडता पडता दोन्ही हात पुढे टेकवतो आणि दोन्ही मनगटं मोडून घेतो. हाडांचे डॉक्टर म्हणतात, दोन्हीकडे प्लेट बसवावी लागेल. पेशंटला दमा आहे, वजन भरपूर आहे, मान आखूड आहे. त्याला संपूर्ण भूल देऊन घशात नळी घालणं जोखमीचं. अशा वेळी बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांपैकी कोणीतरी विचारतंच, "पाठीत सुई देऊन दोन्ही पाय बधिर करता, तसे दोन्ही हात नाही का करता येत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. दोन्ही हात बधिर करता येतात, आणि पेशंटला जागं ठेवून करता येतात. पण एका सुईत नाही. आणि एका हाताची कृती दोनदा केली की झालं, असंही नाही. जागा न निवडता तसं केलं, तर धडधाकट माणसाचाही श्वास अडकू शकतो.

हातांच्या लाइनवर दवाखाना आहे

जाणिवा मेंदूकडे आणि मेंदूचे हुकूम स्नायूंकडे जातात ते मज्जातंतूंमधून. बोलताना आपण त्यांना नसा म्हणतो. या लेखातही नस म्हणजे मज्जातंतू, रक्ताची शीर नव्हे. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि वाटेत ठरावीक अंतरावर त्यातून डावी-उजवी एकेक नस बाहेर पडते. मोठ्या माणसात हा रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नुसता नसांचा जुडगा द्रवात तरंगत असतो. पाठीतली सुई जाते ती तिथे.

लाइनमन कसं काम करतो, ते आठवा. घरातला एक दिवा बदलायचा तर बटण बंद करून भागतं. आळीतल्या खांबावर चढायचं तर तो डीपीवरचा फ्यूज काढतो. मोठं काम असेल तर सबस्टेशनला फोन करून आख्खा फीडरच बंद करायला लावतो. पाठीतली सुई म्हणजे फीडर बंद करणं. पायांच्या फीडरवर फारसं निकडीचं काही नसतं. लघवी काही तास अडते, त्यासाठी नळी घालतात. हातांच्या फीडरवर मात्र दवाखाना आहे.

हातांच्या नसा मानेतल्या पाचव्या ते आठव्या आणि छातीतल्या पहिल्या मुळापासून निघतात. आता शेजारी कोण आहे पाहा. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आपला बहुतेक श्वास ओढतो. त्याची नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळापासून बनते. म्हणजे पाचवं मूळ दोघांत सामाईक. बरगड्यांमधल्या स्नायूंच्या आणि हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या नसा छातीच्या मुळांमधून येतात. पाठीतलं औषध हातांपर्यंत चढवलं तर वाटेत हे सगळं बंद पडत जाईल. रक्तदाब कोसळेल, नाडी मंदावेल आणि शेवटी श्वास थांबेल. मानेजवळ बारीक नळी घालून तिच्यातून मोजकं औषध सोडण्याची एक पद्धत आहे, पण ती वापरणारे भूलतज्ज्ञ फार थोडे.

तेव्हा फीडरला हात लावायचा नाही. प्रत्येक हाताच्या डीपीपर्यंत वेगळं जायचं. या प्रकाराला डॉक्टरमंडळी 'ब्लॉक' म्हणतात.

मानेपासून काखेपर्यंत

मानेतून निघालेली ही पाच मुळं दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर येतात आणि लगेच एकमेकांत मिसळतात. पाचाच्या तीन जाड दोऱ्या होतात. कॉलरबोनच्या मागून, पहिल्या बरगडीवरून जाताना त्या पुन्हा फुटतात, हाताच्या मुख्य धमनीभोवती नव्याने जुळतात आणि काखेत पोचेपर्यंत त्यांच्या पाच मोठ्या नसा झालेल्या असतात. या सगळ्या जाळ्याचं नाव ब्रेकियल प्लेक्सस. पाचांपैकी एक खांद्याकडे वळते. उरलेल्या चार, म्हणजे मीडियन, अल्नर, रेडियल आणि मस्क्युलोक्युटेनियस, कोपरापासून बोटांपर्यंतचा कारभार पाहतात. कोपर दाराला आपटल्यावर करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या जातात, ती करामत अल्नर नसेची.

या वाटेवर औषध सोडता येईल अशा जागा मुख्यतः चार: मानेच्या बाजूला, कॉलरबोनच्या वर, कॉलरबोनच्या खाली आणि काखेत. एकाच हाताचं ऑपरेशन असेल तेव्हा बरेच भूलतज्ज्ञ कॉलरबोनच्या वरची जागा पसंत करतात. तिथे सगळ्या नसा एकगठ्ठा असतात, त्यामुळे ब्लॉक लवकर बसतो आणि पक्का बसतो. पण फुप्फुसाचं टोकही तिथून जवळच असतं. सुई घसरली तर फुप्फुसाभोवती हवा साठते. एका बाजूला असं झालं तर निभावून नेता येतं. दोन्ही बाजूंना झालं तर जिवावर बेतू शकतं.

श्वासाची नस

खरी अडचण फुप्फुसाहूनही श्वासपटलाच्या नसेची आहे. तिचं नाव फ्रेनिक. मानेत ती हाताच्या पाचव्या मुळापासून अवघ्या काही मिलिमीटरवर असते आणि खाली उतरताना हळूहळू दूर होत जाते. मानेच्या बाजूला नेहमीच्या मात्रेत औषध सोडलं की ते पसरून फ्रेनिकपर्यंत जातंच. 1991 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असा ब्लॉक दिलेल्या प्रत्येक पेशंटमध्ये त्या बाजूचं अर्धं श्वासपटल काही तास बंद पडलेलं आढळलं. छाती भरून घेता येणारा श्वास अशा वेळी साधारण पाव हिश्श्याने कमी होतो.

धडधाकट माणसाला याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या बाजूचं अर्धं पटल वेळ निभावून नेतं. दमेकऱ्याला मात्र धाप लागू शकते. हाच ब्लॉक दोन्ही बाजूंना दिला तर दोन्ही अर्धी बंद, आणि श्वास नुसता बरगड्यांच्या स्नायूंवर. स्वरयंत्राची नसही त्याच परिसरातून जाते. एका बाजूची बधिर झाली तर आवाज घोगरा होतो, दोन्हीकडची झाली तर घशातला हवेचा रस्ताच आवळतो. संपूर्ण भूल टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला आणि शेवटी नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला, तर मिळवलं काय?

कॉलरबोनच्या वर दिलेल्या ब्लॉकमध्ये जुन्या पद्धतीने जवळपास निम्म्या पेशंटची फ्रेनिक बधिर व्हायची. आता प्रमाण कमी झालंय, शून्य झालेलं नाही. कॉलरबोनच्या खाली ते बरंच कमी, आणि काखेत फ्रेनिकचा संबंधच उरत नाही. म्हणून दोन्ही हातांचं काम कोपराखाली असेल तर दोन्ही ब्लॉक काखेत दिले जातात, किंवा एक काखेत आणि एक कॉलरबोनखाली. एका बाजूचा दंड मोडलाय आणि दुसरीकडे मनगट, अशी वेळ आली तर वरचा ब्लॉक एकाच बाजूला, दुसरा काखेत. दोन्ही खांद्यांचं काम असेल तर हट्ट सोडून संपूर्ण भूल दिलेली बरी, असं माझं मत आहे, आणि बहुतेक भूलतज्ज्ञही तेच करतात.

सुई आंधळी होती तेव्हा

नसेजवळ औषध सोडण्याची कल्पना नवी नाही. 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड मानेत छेद घेऊन, हाताच्या नसा उघड्या करून त्यांवर कोकेन सोडू लागले. कातडीवरून सुई टोचून हात बधिर करण्याच्या दोन पद्धती 1911 साली जर्मनीत पुढे आल्या: हिर्शेल यांची काखेतली आणि कुलेनकांफ यांची कॉलरबोनच्या वरची. कुलेनकांफ यांनी तो प्रयोग आधी स्वतःवर केला होता.

पण सुई नेमकी कुठे पोचली, हे कळायला मार्ग नव्हता. हाडाच्या खुणा चाचपायच्या, धमनीचा ठोका बोटाखाली धरायचा आणि सुई पुढे सरकवत विचारायचं, "बोटात करंट आला का?" पेशंट "आला!" म्हणून दचकला की औषध सोडायचं. पुढे सुईतूनच सौम्य विजेचा झटका देणारं यंत्र आलं. बोटं उडायला लागली की नस जवळ आहे, असं समजायचं. अंदाज सुधारला, पण होता तो अंदाजच. आणि अंदाजाची भरपाई औषधाने करावी लागे. तीस-चाळीस मिलिलिटर सोडलं की कुठून ना कुठून नसेपर्यंत पोचेल, असा हिशेब.

1994 साली व्हिएन्नातल्याच डॉक्टरांनी कॉलरबोनच्या वरचा ब्लॉक सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि या कामाचा नूर पालटला.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाचा पडसाद. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. नसा पाहायला वापरतात त्या प्रोबमधून सेकंदाला साठ लाख ते दीड कोटी कंपनांचा आवाज निघतो. तो मांसातून सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो, वाटेत जिथे पेशींचा पोत बदलतो तिथून थोडा परततो, आणि परतायला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. कंपनं जितकी जास्त तितकं चित्र रेखीव, पण आवाज खोल जात नाही. हाताच्या नसा सुदैवाने कातडीखाली एक ते चार सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे हा सौदा परवडतो. प्रोबला चिकट जेल लावतात, कारण मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने 1988 साली कायदा केला आणि 1994 साली देशाचा कायदा आला. त्यामुळे सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं आणि ते मनाला येईल तिथे नेता येत नाही. आपल्याकडचे बरेच भूलतज्ज्ञ दिवसभरात चार छोट्या हॉस्पिटलांत फिरून कामं करतात, आणि मशीन काही त्यांना गाडीत टाकून नेता येत नाही. कायदा ज्यासाठी केला ते कारण इतकं गंभीर आहे की तक्रार करायला जीभ रेटत नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी आजही पुष्कळ ब्लॉक सोनोग्राफीशिवाय दिले जातात, त्याचं हे एक कारण आहेच.

काखेत काय दिसतं

पेशंट उताणा. हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात दुमडलेलं. काखेच्या तोंडाशी प्रोब आडवा ठेवला की पडद्यावर सगळ्यात आधी डोळ्यात भरतो तो धडधडणारा काळा गोल: हाताची धमनी. आजूबाजूला आणखी काळे डाग असतात, पण प्रोब जरा दाबला की ते चपटे होऊन नाहीसे होतात. त्या शिरा. भूलतज्ज्ञ त्या मुद्दाम दाबून पाहतो आणि मुद्दाम सोडूनही पाहतो, कारण दाबलेली शीर दिसत नाही आणि न दिसणाऱ्या शिरेत औषध जाणं हाच तर धोका.

धमनीला लागून तीन ठिपकेदार गोळे असतात. एक वर, एक बाजूला, एक खाली लपलेला. या मीडियन, अल्नर आणि रेडियल. चौथी मस्क्युलोक्युटेनियस यांच्यात नसते. ती थोडी लांब, दंडाच्या स्नायूंमध्ये शिरलेली असते. जुन्या पद्धतीत नेमकी हीच चुकायची आणि अंगठ्याच्या बाजूचं मनगट जागं राहायचं.

सुई प्रोबच्या एका कडेने, त्याच्याच रेषेत शिरते, त्यामुळे पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी टोकापर्यंत दिसते. टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही, हा पहिला नियम. टोक नसेच्या शेजारी आलं की आधी पिचकारी मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहतात, मग एक-दोन मिलिलिटर सोडतात. औषध पडद्यावर काळं दिसतं. ते नसेभोवती पसरून तिला आजूबाजूच्या मांसापासून सुटं करतं. नसेभोवती काळं कडं तयार झालं की पुढच्या नसेकडे. प्रत्येकीला तीन-चार मिलिलिटर पुरतात. औषध नसेच्या आत जायला नको, नसेशेजारी हवं. पेशंट जागा असण्याचा इथे फायदा होतो. कळ गेली तर तो लगेच सांगतो.

नंतर औषध तंतूंच्या पातळ आवरणातून आत झिरपतं. नसेतला निरोप पुढे सरकतो तो सोडियमचे कण आवरणातल्या बारीक छिद्रांतून आत घुसल्यामुळे. औषध ती छिद्रं आतल्या बाजूने बुजवतं, निरोप तिथेच थांबतो. जिथे पू झालेला असतो तिथलं मांस आम्लधर्मी होतं आणि औषध आत शिरायला नाखूश असतं. गळवाजवळ टोचलेली भूल नीट लागत नाही ती यामुळे.

साधारण दहा ते तीस मिनिटांनी परीक्षा. स्पिरिटचा बोळा गार लागतो का, ते आधी पाहतात. मग, "काका, कोपर ताठ करून मला ढकला. आता ओढा." अंगठ्याच्या बाजूच्या तळव्याला चिमटा, करंगळीला चिमटा. ढकलणं रेडियलचं, ओढणं मस्क्युलोक्युटेनियसचं, पहिला चिमटा मीडियनचा, दुसरा अल्नरचा. चारही नापास झाल्या की हात पास.

मिलिलिटरचा हिशेब

इथून पुढे दुसरा हात. आणि इथेच पेनाने मांडायचं गणित येतं, कारण हात दोन असले तरी रक्त एकच. बधिर करणारं औषध शेवटी रक्तात उतरतंच. प्रमाणाबाहेर उतरलं तर ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात घूं असा आवाज, मग झटके, आणि हृदयाची लय बिघडणं.

साठ किलोचा पेशंट धरू. ब्युपिव्हाकेन किलोमागे साधारण दोन मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे एकूण 120. अर्धा टक्का द्रावणात मिलिलिटरमागे पाच मिलिग्रॅम असतात, म्हणून मर्यादा 24 मिलिलिटर. जुन्या हिशेबाने एका हाताला तीस लागत असतील तर एकाच हातात मर्यादा ओलांडली, दुसऱ्याची गोष्टच नको. तुलनेने सौम्य असलेलं रोपिव्हाकेन किलोमागे तीन मिलिग्रॅम चालतं, म्हणजे 180. त्याच्या अर्धा टक्का द्रावणाचे प्रत्येक हाताला पंधरा मिलिलिटर दिले तर दोन्ही मिळून 150 मिलिग्रॅम. बसलं गणितात, आणि सर्जनला टाक्यांपाशी थोडं टोचावं लागलं तर सहा मिलिलिटर शिल्लक. दोन वेगळी औषधं मिसळून पळवाट निघत नाही, त्यांचा ताप एकमेकांत मिळवला जातो.

म्हणून दोन्ही हात लागोपाठ बधिर करत नाहीत. पहिला झाल्यावर साधारण अर्धा तास जाऊ देतात, म्हणजे दोन्हीकडची औषधं रक्तात एकाच वेळी शिगेला पोचत नाहीत. तेवढ्या वेळात पेशंटचा श्वास ठीक आहे ना, हेही पाहून होतं. बरगड्यांच्या कडेला सोनोग्राफीचाच प्रोब ठेवून श्वासपटल हलताना प्रत्यक्ष पाहता येतं.

एवढं करूनही घात झालाच तर उतारा आहे. सोयाबीन तेलापासून बनवलेलं दुधासारखं पांढरं, वीस टक्क्यांचं लिपिड द्रावण, एरवी जेवता न येणाऱ्या पेशंटला पोषणासाठी शिरेतून देतात तेच. 1998 साली उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचा गुण दिसला आणि 2006 साली ते दिल्यावर हृदय पुन्हा सुरू झालेल्या माणसाची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. किलोमागे दीड मिलिलिटर, भराभर. ज्या थिएटरात ब्लॉक देतात तिथे ही बाटली हाताशी असायलाच हवी, कपाटाची किल्ली शोधत बसायला वेळ नसतो.

सोनोग्राफीने सगळं जिंकलं असं मात्र नाही. औषध थेट रक्तात जाण्याचा धोका तिने घटवला, औषध कमी लागू लागलं. पण नसेला इजा होण्याचं प्रमाण, जे आधीच फार थोडं होतं, ते तिच्यामुळे ठळकपणे उतरल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पडदा चांगला असला तरी सुई धरणारा हात शिकलेला लागतोच.

┌─────────────
चौकट : ब्लॉकआधी भूलतज्ज्ञांना काय सांगाल?
रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी तेच सांगा. काखेतून रक्त आलं तर दाबून थांबवता येतं, कॉलरबोनखाली तेवढं सोपं नसतं, आणि जागेची निवड त्यावर ठरते. दमा, जुना खोकला, पूर्वी छातीत नळी घातली असल्यास तेही. हातात आधीपासून मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तो नोंदवून घ्यायला लावा. दाताच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला होता का, तेही. "हातापुरतीच भूल आहे" म्हणून नाश्ता करून जाऊ नका. ब्लॉक अपुरा पडला तर संपूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून उपाशीपोटीच जायचं.
└─────────────

रक्तदाब कुठे मोजणार?

दोन्ही हात सर्जनच्या ताब्यात गेले की साध्या साध्या गोष्टी अडतात. सलाइन पायाच्या शिरेत लावावं लागतं. रक्तदाबाचा पट्टा पोटरीवर जातो, ऑक्सिजन मोजणारा चिमटा पायाच्या बोटाला किंवा कानाच्या पाळीला. ऑपरेशनच्या जागी रक्त येऊ नये म्हणून दंडाला हवेचा घट्ट पट्टा, टूर्निकेट, बांधतात. दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीची एक नस ब्रेकियल प्लेक्ससची नाहीच, ती छातीतून येते. म्हणून काखेपाशी कातडीखाली थोडं औषध वेगळं टोचतात. तरीही तास-दीड तासानंतर पट्टा सलायला लागतो. दोन्ही पट्टे एकदम सोडत नाहीत. एक सोडायचा, नाडी आणि रक्तदाब पाहायचा, मग दुसरा.

आणि ऑपरेशननंतर? एक हात बधिर असलेला माणूस दुसऱ्याने पाणी पितो. दोन्ही बधिर असलेल्या माणसाला नाकावर बसलेली माशीही उडवता येत नाही. रोपिव्हाकेनचा ब्लॉक आठ-दहा तास सहज टिकतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणून काही भूलतज्ज्ञ एका हाताला मुद्दाम लिग्नोकेनसारखं दोन-तीन तासांत उतरणारं औषध देतात, म्हणजे निदान एक हात संध्याकाळपर्यंत कामाला येतो. तोवर दोन्ही हात झोळीत. बधिर हाताला आपण कशाला टेकलोय, गरम चहाचा कप अंगावर लवंडतोय का, काहीच कळत नाही. बोटं निळी पडली, गार पडली किंवा प्लास्टर करकचून आवळलेलं दिसलं तर नर्सला लगेच सांगायचं. दुखत नाही म्हणून ठीक आहे, हा भरवसा या काळात धरता येत नाही.

ब्लॉक उतरतो तो बहुधा मध्यरात्री, आणि हळूहळू न उतरता भसकन उतरतो. दिवसभर "काहीच दुखत नाही" म्हणणारा माणूस दोन वाजता ओरडत उठतो. म्हणून वेदनाशामक गोळी दुखायला लागण्याची वाट न पाहता बोटांत मुंग्या सुरू होताच घ्यायची, त्याआधी झोप लागणार असेल तर झोपण्यापूर्वीच. आणि ती त्याच्या तोंडात कोणीतरी घालायची आहे, हे सोबत राहणाऱ्याने लक्षात ठेवायचं.